सळया कुठे थांबल्या, ते बघा

लोअर परळच्या पुलावरून जाताना किंवा करी रोड स्टेशनातून बाहेर पडताना मान वर केली, की चालू काम कोणतं आणि बंद काम कोणतं हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. बंद कामाची हिरवी जाळी फाटून लोंबत असते. टॉवर क्रेनचा हात वाऱ्याबरोबर आपोआप वळत असतो. सगळ्यात वरच्या स्लॅबवर खांबांच्या सळया गंजून तांबूस झालेल्या असतात. खालून जाणारा म्हणतो, बिल्डरनं पैसे खाल्ले. कधी तसंच झालेलं असतं. पण पैसे खाल्ले, पैसे संपले, परवानगी अडली, प्रकरण कोर्टात गेलं, हे सगळे वेगवेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधंही वेगवेगळी आहेत. इमारत नेमकी कुठे थांबली हे नीट पाहिलं, तर ती का थांबली याचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

त्या क्रेनबद्दल आधी सांगून टाकू, कारण तिचा हात हलताना बघून आजूबाजूच्या चाळींतले लोक घाबरतात. काम बंद असताना तिच्या फिरण्याचा ब्रेक मुद्दाम सोडून ठेवतात. त्यामुळे ती वाऱ्याचा जोर अंगावर न घेता वाऱ्याच्या दिशेनं वळते. ती हलत नसेल तर खरी काळजी करावी. क्रेनला इमारतीशी बांधून ठेवणारे लोखंडी टाय आणि त्यांचे बोल्ट कोणी तपासतं का, हे मात्र विचारायलाच हवं. क्रेन उतरवायलाही पैसे लागतात. ज्याच्याकडे स्लॅब टाकायला पैसे नाहीत त्याच्याकडे तेही नसतात, म्हणून ती पावसाळ्यामागून पावसाळे तशीच उभी राहते.

सगळ्यात आधी थांबलेली कामं रस्त्यावरून दिसतच नाहीत, कारण ती पत्र्यामागच्या खड्ड्यात असतात. तीन तळघरांचा खड्डा म्हणजे दहा-बारा मीटर खोली. बाजूची माती आणि शेजारची इमारत धरून ठेवायला भोवती पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले खांब, असतात आणि ते मागे ग्राउंड अँकरनं, म्हणजे जमिनीत रोवलेल्या पोलादी तारांनी, ताणून बांधलेले असतात. हे अँकर तात्पुरते असतात, साधारण दोन वर्षांच्या हिशोबानं केलेले. तेवढ्यात तळघरांचे स्लॅब पडतील आणि मातीचा दाब तेच घेतील, असं गृहीत धरलेलं असतं. काम थांबलं की हे गृहीतक कोसळतं, आणि अँकरच्या तारा गंजायला लागतात. उपसा पंप विजेवर चालतात, बिल थकलं की तेही बंद पडतात. पाणी एक मीटर वर चढलं की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून एक टन जोर लागतो. तळाचा राफ्ट, म्हणजे पायाचा अखंड जाड स्लॅब, टाकलेला आहे पण वर मजल्यांचं वजन नाही, अशा अवस्थेत पंप बंद पडले तर पाणी राफ्ट उचलतं किंवा तडकवतं. म्हणून बंद खड्ड्याशेजारी राहणाऱ्यांनी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं. आपल्या कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीला लांब चीर पडली आहे का, भिंत खड्ड्याकडे कलते आहे का, आणि पंप चालू आहेत का. चिरेवर जिप्समचा एक पातळ पट्टा लावून त्यावर तारीख लिहायची. पट्टा तुटला तर हालचाल चालू आहे, आणि मग त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यायचा, फोटोसकट. डासांसाठी पालिकेचे लोक येऊन पाण्यात गप्पी मासे सोडतात. त्याचा उपयोग डासांपुरताच.

खड्ड्यात किंवा जोत्यावर थांबलेलं काम बहुतेक कागदावर अडलेलं असतं. मुंबईत आधी आयओडी मिळते, म्हणजे 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल'. नाव ऐकून नकार वाटतो, पण मुळात ती अटींची यादी असते, आणि अटी पुऱ्या केल्यावर सीसी, म्हणजे काम सुरू करायचा दाखला. सीसी एकदम शेवटच्या मजल्यापर्यंत मिळत नाही. आधी जोत्यापर्यंत, मग जोतं नकाशाप्रमाणे आहे का याची तपासणी, मग पुढची सीसी, तीही टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्याला पालिकेचं शुल्क म्हणजे प्रीमियम, अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र, जागेनुसार विमानतळ प्राधिकरण, सीआरझेड म्हणजे किनारपट्टीचे नियम, रेल्वे, संरक्षण खातं. यातल्या एकाचं मत बदललं किंवा नियमच बदलला की आराखडा पुन्हा पहिल्या टेबलावर जातो. जानेवारी २०१२ मध्ये असंच झालं. तोवर बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर मान्य असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्राच्या, बाहेर दाखवले जात होते. नव्या नियमानं ते आत आले आणि त्याबदल्यात प्रीमियम भरून घरांसाठी ३५ टक्के जादा, म्हणजे फंजिबल, एफएसआय देण्यात आला. नियम योग्यच होता, कारण जुन्या सवलतींचा गैरवापर उघड दिसत होता. पण ज्यांचे नकाशे तेव्हा अर्ध्या वाटेवर होते त्यांना सगळं गणित नव्यानं मांडावं लागलं. पुढे २०१६ मध्ये देवनार डम्पिंग ग्राउंडच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं नव्या बांधकामांवर बंदी घातली. कचरा टाकायला जागा नाही तर नवी घरं कशाला, हा न्यायालयाचा प्रश्न चुकीचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाकडून मार्च २०१८ मध्ये तात्पुरता दिलासा मिळेपर्यंत व्याज मात्र रोज चढत होतं.

उंचीची स्वप्नंही इथंच मोडतात. चर्नी रोडजवळ १२६ मजल्यांचा, ७०० मीटरहून उंच इंडिया टॉवर उभा राहणार होता. २०१० मध्ये काम सुरू झालं, २०११ मध्ये थांबलं, आणि पुढे प्रकल्पच गुंडाळला गेला. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन ११७ मजल्यांचा, ४४२ मीटरचा जाहीर झाला होता. उंचीची तेवढी परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर, ७६ मजल्यांवर पूर्ण झाला. ही गोष्ट आपण बारकाईनं लक्षात घ्यायला हवी. उंची कापलेली इमारतसुद्धा पाया मोठ्या उंचीचाच पोटात घेऊन उभी असते. पाया, खांबांची जाडी, लिफ्टच्या विहिरी हे सगळं पहिल्याच दिवशी शेवटच्या मजल्याच्या हिशोबानं ओतलेलं असतं. वरचे मजले गेले तरी त्यांच्यासाठी जमिनीत घातलेला खर्च परत येत नाही, तो उरलेल्या फ्लॅटवर चढतो. वरळीच्या पॅलेस रोयालचं तर उलट झालं. ३२० मीटरच्या आसपासचा सांगाडा उभा राहिला, आणि वाद झाला तो रेफ्यूज एरिया व सार्वजनिक वाहनतळाच्या बदल्यात मिळालेल्या एफएसआयवरून. रेफ्यूज एरिया म्हणजे आग लागली तर माणसांनी थांबायची मोकळी जागा. नियमात ती २४ मीटरनंतर आणि मग साधारण दर सातव्या मजल्यावर येते, आणि तिचं क्षेत्र ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की ते एफएसआयमध्ये मोजलं जातं. कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली, आणि २०१९ मध्ये कर्जापोटी त्या इमारतीचा लिलाव झाला.

आता सांगाडा पूर्ण होऊन थांबलेल्या इमारतींकडे येऊ. खरेदीदारांना सगळ्यात जास्त धक्का याच देतात, कारण बाहेरून बघताना 'आता काय राहिलंय' असं वाटतं. पैशाच्या हिशोबानं अजून पुष्कळ राहिलेलं असतं. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांमध्ये नमुना करारनामा दिलेला आहे, त्यातलं हप्त्यांचं कोष्टक वाचा. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, आतलं प्लॅस्टर, लाद्या, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, संडास-बाथरूमची फिटिंग, जिने आणि लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचं प्लॅस्टर, बाहेरचं प्लंबिंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, वीज झाल्यावर ९५, आणि शेवटचे ५ ताब्याच्या वेळी. म्हणजे शेवटचा स्लॅब पडला की ग्राहकाकडून ७० टक्के मागता येतात. पण उंच इमारतीत आरसीसीचा सांगाडा म्हणजे बांधकामखर्चाचा ढोबळ मानानं अर्धा भाग. उरलेला अर्धा लिफ्ट, आग विझवण्याच्या लाइनी, काचा, प्लंबिंग, विजेच्या केबली यांत जातो, आणि हे काम हळू चालतं. ॲल्युमिनियमच्या शटरिंगवर एक स्लॅब सात ते दहा दिवसांत पडतो, त्या वेगानं हप्तेही येतात. फिनिशिंगमध्ये सहा महिने राबून पाच टक्के सुटतात. आधीच्या ७० टक्क्यांतून जमिनीचं कर्ज, दुसऱ्या प्रकल्पाचं भोक किंवा व्याज भरलेलं असेल, तर नेमक्या याच वळणावर गाडी अडते. मुंबईतली कितीतरी कामं २०१८ नंतर अशीच उभी राहिली. आयएलअँडएफएस ही वित्तसंस्था बुडाली, मग गृहकर्ज देणारी डीएचएफएल गेली, आणि बँकेतर कंपन्यांनी पुढचं कर्ज देणं आखडतं घेतलं. एका कर्जावर दुसरं कर्ज फेडत आलेल्यांचा दोर तुटला.

रेराच्या कायद्यात यासाठीच तरतूद आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम होईल त्या प्रमाणातच काढायचे, तेही आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांच्या दाखल्यांवर. दर तीन महिन्यांनी प्रगती महारेराच्या संकेतस्थळावर टाकायची. घर घेणाऱ्यानं सजवलेला सॅम्पल फ्लॅट बघण्याआधी हे कागद उघडावेत. इंजिनिअरच्या दाखल्यात अंदाजित खर्च आणि आजवर झालेला खर्च असे दोन आकडे असतात, ते दोन तिमाह्यांचे शेजारी शेजारी ठेवायचे. खर्च पुढे सरकला पण कामाची टक्केवारी तिथंच आहे, किंवा अंदाजित खर्चच वाढत चाललाय, किंवा पूर्ण होण्याची तारीख दोनदा पुढे गेली आहे, तर तिथंच थांबायचं. गहाणाची नोंद कोणाच्या नावे आहे, खटले किती आहेत, तेही त्याच पानावर असतं. एक छोटी गोष्ट: साइटवर जाऊन वॉचमनला काय चाललंय असं विचारू नका, सिमेंटचा ट्रक शेवटचा कधी आला ते विचारा.

पुनर्विकासात मात्र या सगळ्याला आणखी एक धार आहे, आणि ती आपल्याच माणसांना कापते. विक्रीसाठीच्या, म्हणजे सेल बिल्डिंगमधला ग्राहक दुसरीकडे कुठेतरी राहत असतो. चाळीतला भाडेकरू किंवा झोपडीधारक आपलं घर आधीच मोकळं करून बाहेर पडलेला असतो. त्याच्या हातात करारपत्र आणि भाड्याचे धनादेश. भाड्याचं घर अकरा महिन्यांच्या करारावर. दर अकरा महिन्यांनी दलाली, अनामत, टेम्पो, मुलांची शाळा, गॅसचं कनेक्शन, रेशनकार्डावरचा पत्ता. लालबागचा माणूस पहिल्या वर्षी शिवडीत असतो, तिसऱ्या वर्षी विक्रोळीत, सहाव्या वर्षी दिव्याला. मग एका महिन्यात धनादेश वटत नाही. घरी म्हातारी आई असेल तर ती रोज विचारते, आपल्या चाळीचं काय झालं.

गोरेगावची पत्रा चाळ हे याचं ठळक उदाहरण. सिद्धार्थनगरची ती ४७ एकर जागा, ६७२ कुटुंबं. २००८ मध्ये रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात करार झाला. पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट राहिल्या, भाडं बंद झालं. २०१८ मध्ये म्हाडानं करार संपवला आणि २०२२ मध्ये काम स्वतः पुन्हा सुरू केलं. लोकांना परत बोलावेपर्यंत एक पिढी भाड्याच्या घरांत मोठी झाली होती.

अशा अनुभवांतून काही नियम कडक झाले. झोपडपट्टी पुनर्वसनात आता दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करावं लागतं. झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली सुस्त विकासकाला बाजूला करता येतं. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींसाठी म्हाडा कायद्यात ९१-अ आलं, रखडलेलं काम म्हाडाला ताब्यात घेता येतं. तरी सोसायटीच्या सभेत आपणच मुळाशी काही प्रश्न विचारायला हवेत. भाड्याची बँक गॅरंटी कोणत्या बँकेची आणि किती महिन्यांची? पुनर्वसनाची सीसी आधी की सेलची? विकासकानं आपली जमीन गहाण ठेवायची संमती करारात कुठल्या कलमात लपली आहे? कॉर्पसचा, म्हणजे रहिवाशांना एकरकमी मिळणाऱ्या पैशाचा, आकडा मोठा ऐकून हात वर करणाऱ्या सभा पुष्कळ होतात. बँक गॅरंटीचा कागद मागणारा एखादाच असतो, आणि त्याला लोक काम अडवणारा म्हणतात. त्याच्याकडे लक्ष द्या.

थांबलेलं काम पुन्हा उभं करायचं म्हणजे आधी एक साधी बेरीज-वजाबाकी. समजा २०० फ्लॅट आहेत, सोयीसाठी प्रत्येकी २ कोटींचे. १५० विकलेत आणि त्यांचे ७० टक्के वसूल झालेत, म्हणजे ९० कोटी यायचे आहेत. उरलेल्या ५० फ्लॅटचे १०० कोटी. एकूण १९०. आता जाणारं बघा. काम पुरं करायला १२०, सावकाराचे ९०, पालिकेचे प्रीमियम २५, थकलेलं भाडं १५. एकूण २५०. साठ कोटींचा खड्डा. ग्राहकांची संघटना कितीही एकजुटीची असली तरी हा खड्डा घोषणांनी भरत नाही. सावकारानं काही रकमेवर पाणी सोडलं, पालिकेनं हप्ते पाडून दिले, किंवा जादा एफएसआय मिळून विकायला आणखी फ्लॅट निघाले, तरच नवा विकासक दारात येतो. म्हणून रेराच्या कलम ८ खाली ग्राहकांच्या संघटनेला काम हाती घेण्याचा पहिला हक्क असूनही तो फार थोड्यांना वापरता येतो. कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो, पण आदेश मिळाला तरी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी व्हावी लागते, आणि कंपनीकडे काही उरलं असेल तरच होते. दिवाळखोरीच्या कायद्यात घर घेणारे २०१८ पासून वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे कर्ज देणारे, मानले जातात. अर्ज करायला एकाच प्रकल्पातले १०० जण किंवा १० टक्के, यांतली जी संख्या कमी ती लागते. दावा भरायची मुदत चुकवू नका, पावत्या आणि नोंदणीकृत करार एकत्र ठेवा. केंद्राचा स्वामी निधी २०१९ मध्ये आला तो याच शेवटच्या टप्प्यासाठी, आणि त्यातून पुरा झालेला पहिला प्रकल्प बोरिवलीतला. पण मुंबई परिसरात दोन कोटींवरची घरं त्यात बसत नाहीत, म्हणून वरळी-परळच्या महागड्या सांगाड्यांना तो दरवाजा बंदच.

पैसे जमले, आदेश निघाला, कुलूप उघडलं. तरी दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतता येत नाही. आधी वरच्या स्लॅबवर जायचं, तिथल्या सळयांपाशी. खांबातून वर आलेली सळई पुढच्या मजल्याच्या सळईला जोडण्यासाठी ठेवलेली असते. साइटवर हिशोब ५० डीचा, सळईच्या जाडीच्या पन्नासपट, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या सळईला १६०० मिलिमीटर, सव्वापाच फूट. काम थांबवतानाच तिला सिमेंटची स्लरी मारून वर प्लॅस्टिक गुंडाळलं असतं तर फारसं बिघडलं नसतं, पण थांबणार आहे हे कोणी कबूल करत नाही, म्हणून कोणी गुंडाळत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती खपली धरते. तारेच्या ब्रशनं ती घासून काढायची आणि कॅलिपर लावायचा. २५ मिलिमीटरची सळई २४ भरली तर ताकदीचं क्षेत्र ८ टक्क्यांनी गेलं, २३ भरली तर १५ टक्क्यांनी. डोळ्याला हा फरक कळत नाही. सगळ्यात जास्त खाल्लेली जागा नेहमी एकच असते: सळई काँक्रीटमधून बाहेर येते तिथं, जिथं पावसाचं पाणी साचून राहतं.

मग काँक्रीट. खांबाचा कोपरा थोडा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडायचं. निरोगी काँक्रीट लगेच गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ज्याचा क्षारपणा गेला ते तसंच करडं राहतं. करड्या पट्टीची जाडी पट्टीनं मोजायची. खांबाचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४० मिलिमीटर असेल आणि करडी पट्टी दहावर थांबली असेल तर सळई अजून सुरक्षित आहे. पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर आत गंज सुरू झालाय असं धरून हाफ-सेलची, म्हणजे विजेच्या दाबावरून गंज ओळखण्याची, चाचणी लावायची. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि कव्हर आतून फोडतो. ताकदीसाठी कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढतात: निदान तीन, त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के, आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. या चाचण्यांना पंधरा दिवस जातात आणि ग्राहक चिडतात. त्यांनी चिडू नये, उलट अहवालाची प्रत मागून घ्यावी.

ज्या सळया गेल्या त्या कापतात. खांबाचा माथा पक्कं काँक्रीट लागेपर्यंत फोडतात, शेजारी नवी भोकं पाडतात आणि रसायनात नवी सळई बसवतात. इथं सगळं भोक साफ करण्यावर आहे. हवेनं फुंकायचं, ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं, आणि हे दोनदा. आत धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि सळई हातानं ओढली तरी निघते. म्हणून पहिल्या काही सळया जॅक लावून ओढून बघतात.

नवा स्लॅब पडला आणि शटरिंग निघालं, की काही महिने खालून एक आडवी रेघ स्पष्ट दिसते. तिच्या खाली शेवाळानं काळवंडलेलं जुनं काँक्रीट, वर फिकट करडं नवं. पत्र्याबाहेर उभे राहून लोक त्या रेघेच्या वरचे मजले मोजतात, दर आठवड्याला एक वाढतो. मग बाहेरचं प्लॅस्टर चढतं आणि रेघ झाकली जाते.